बारा फुटांचा पिंजरा

"हा पिंजरा ज्यानं बनवला, त्यानं जन्मात उडणारं पाखरू बघितलेलं नाय."

सुलेखा हे पुंजाराम काकांना म्हणाली, आणि चांगलं मोठ्यानं म्हणाली. डिसेंबरातली संध्याकाळ, औरंगपुऱ्याची गर्दी, स्कूट्यांचे हॉर्न. तिथं हळू बोललेलं कुणाला ऐकूच जात नाही. काकांचं दुकान म्हणजे पाखरांच्या दाण्याच्या गोण्या, मडकी आणि लव्हबर्डांचा कलकलाट. त्या दिवशी दाराशी एक नवाकोरा पिंजरा उभा होता. उंच, निमुळता, वर मशिदीसारखा घुमट. येणारा-जाणारा थांबून बघत होता. सुलेखाही थांबली होती, पण कौतुकानं नव्हे.

काकांनी डोळ्यांनी काहीतरी खुणावलं. तिला ते कळलं नाही. पाखरू काय लिफ्टसारखं खालीवर जातं का, ते आडवं उडतं, असं ती बोलतच राहिली.

"मी बनवलाय तो," पाठीमागून आवाज आला.

ती वळली. तिच्याच वयाचा, सावळासा तरुण. शर्टाच्या बाह्यांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पडलेली बारीक बारीक भोकं. चेहऱ्यावर राग नव्हता, मान मात्र ताठ होती.

सुलेखाला मनातून ओशाळल्यासारखं झालं... पण बोललेलं तिनं मागं घेतलं नाही. "काम सुबक आहे," ती म्हणाली. "सांधे तर एकदम साफ. पण उंची कमी करा, लांबी वाढवा. त्या घुमटात पाखरू कधी बसणार नाय. तो माणसांनी बघायला आहे."

"तुमची पाखरं लई उडतात वाटतं?"

"बघायला या. शनिवारी सकाळी. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावा आणि हॉर्न वाजवू नका."

तिनं पत्ता सांगितला, राळ्याची पिशवी उचलली आणि निघाली. रिक्षात बसल्यावर तिच्या ध्यानात आलं, आपण त्याचं नावसुद्धा विचारलं नाही.

नाव सम्यक खरात. चितेगावात पैठण रोडला त्याचं स्वतःचं शेड होतं. गेट, ग्रिल, जिने ही कामं पोटासाठी, आणि पिंजरे हौसेसाठी. हे सगळं त्यानं शनिवारी भावसिंगपुऱ्याच्या त्या घराचा जिना चढता चढता सांगितलं. जिन्याची प्रत्येक पायरी कशी एकसारखी आहे, हेही त्याच्या नजरेतून सुटलं नाही. सुलेखाचे वडील, कडुबा साळवे, यांनी हे घर स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. जन्मभर त्यांनी गवंडीकाम केलं. आता हात थरथरायचे आणि नजरही अधू झाली होती, पण जिन्याचं कोणी नाव काढलं की म्हातारा खुर्चीत दोन बोटं उंच व्हायचा.

गच्चीवर जुन्या खिडक्यांच्या चौकटी जोडून केलेला पिंजरा होता आणि त्यात सुलेखाचे चार पॅरट फिंच. चिमणीहून लहान. अंग गव्हाच्या कोवळ्या पातीसारखं हिरवं, तोंड आणि शेपूट पिकल्या तोंडल्यासारखं लाल. आणि घटकाभर स्वस्थ नाहीत. या काठीवरून त्या काठीवर, तिथून तळाशी, तळाशी दोन उड्या की पुन्हा वर.

"यांना झालंय काय?" सम्यकनं विचारलं.

"काय नाय. हे असेच असतात. जागा कमी पडली की घाबरट होतात, लठ्ठ होतात आणि मग पिल्लं सोडून देतात."

तिनं पंप घेऊन पाण्याचे बारीक तुषार उडवले. चारही पाखरं पंख फुलवून त्याखाली आली. त्यातले थोडे सम्यकच्या तोंडावरही आले. चुकून आले, असं ती म्हणाली. तो चेहरा न पुसता तसाच बघत उभा राहिला.

अर्ध्या तासानं त्यानं खिशातून टेप काढला आणि भिंतीपासून टाकीपर्यंत मोजलं. "बारा फूट बसतंय," तो म्हणाला. मग जरा थांबून, "माझा तो घुमट... काल कापून टाकला मी."

सुलेखानं त्याच्याकडं नीट बघितलं ते तेव्हा.

ती बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, आठवड्यानं किती उगवल्या ते मोजायचं. त्यामुळं पाखरांना मोड आलेलं धान्य द्यावं तर तिनंच. हौशी लोक पॅरट फिंचची अंडी बंगाली फिंचच्या खाली ठेवतात. बंगाली गरीब स्वभावाची, कुणाचीही पिल्लं वाढवते. पुंजाराम काकांनी सुलेखाला हेच शंभरदा सुचवलं होतं. ती ऐकायची नाही. दाई लावून चार पिढ्या काढल्या, की पाखरू स्वतःची पिल्लं वाढवायचंच विसरतं, असं तिचं म्हणणं. माझ्या गच्चीवर आईबापच पिल्लं वाढवतील, हे तिनं दोन वर्षांपूर्वी सांगून टाकलं होतं. पहिल्या वर्षी उन्हानं पिल्लं अंड्यातच मेली. दुसऱ्या वर्षी घाबरलेल्या जोडीनं पिल्लं घरट्याबाहेर टाकली. लोक हसले. तिची जिद्द काही हलली नाही.

पाच शनिवार काम चाललं. चौकटी सम्यक शेडवरून करून आणायचा आणि गच्चीवर जोडायचा. जाळी आली त्या दिवशी सुलेखानं त्याला आधी एक गोष्ट बजावली. नव्या जाळीवर जस्ताचा मुलामा असतो, पाखरं ती चोचीनं टोकरतात आणि ते विष त्यांच्या पोटात साठत जातं. म्हणून जाळी सिरक्यानं घासायची, धुवायची, उन्हात वाळवायची, तेव्हा कुठं लावायची. त्याला आधी थट्टा वाटली. मग तो सकाळपासून दुपारपर्यंत घासत बसला. सगळ्या गच्चीला आंबट वास सुटला.

"रोज तुमच्या अंगाला लोखंडाचा वास असतो," चहा देताना ती म्हणाली. "आज लोणच्याचा येतोय."

"आवडत नाय का?"

"लोणचं कुणाला आवडत नाय..." असं म्हणून ती जिना उतरली आणि अर्ध्यातच तिच्या ध्यानात आलं, की आपण काय बोलून बसलो.

काम फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी संपेल, असा त्याचा शब्द होता. त्या दिवशी सुलेखाला ड्यूटी लागली. साडेपाचला ती घरी आली, धावतच वर गेली, तर पिंजरा उभा. बारा फूट लांब, वर वाळ्याचं छप्पर, शेवटचा स्क्रूही बसलेला. पाखरं आत सोडली. नरानं एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत झेप घेतली आणि वळून परत आला. पुन्हा गेला. सम्यक पक्कड पुसत राहिला... बराच वेळ, चांगली स्वच्छ पक्कड.

मार्चमध्ये एका जोडीनं डाव्या टोकाच्या खोक्यात काथ्या भरून घरटं केलं. चार अंडी. तेराव्या-चौदाव्या दिवशी चारही फुटली, आणि जोडीनं पिल्लं टाकली नाहीत. सुलेखानं ही बातमी सम्यकला फोनवर सांगितली, तेव्हा तो शेड अर्ध्यावर टाकून आला. नर-मादी खायला खाली उतरल्यावर तिनं खोक्याचं झाकण बोटभर उचललं आणि त्याला म्हणाली, "आत बघा. श्वास रोखून."

अंधारात चार चोची उघडल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यांत बारीक निळे मणी चमकत होते.

"हे..." सम्यक कुजबुजला, "दिवे आहेत का?"

"अंधारात आईबापाला तोंड कुठंय ते दिसावं म्हणून."

दोघांची डोकी एकमेकांना टेकली होती. झाकण मिटल्यावरही ती लगेच बाजूला झाली नाहीत.

आणि अंडी फुटल्याच्या बाराव्या दिवशी मादी मेली.

आदल्या दिवसापासून ती पिसं फुगवून बसली होती, सारखी पाणी पीत होती. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उन्हाचा त्रास असेल म्हणून औषध दिलं. सकाळी ती तळाशी पडलेली होती. मी हिला फार लवकर घरट्याला लावली का, मोडाच्या धान्यात बुरशी होती का, असं सुलेखा स्वतःलाच कुरतडत राहिली. संध्याकाळी सम्यक आला. पिंजऱ्याच्या डाव्या टोकाला, खोक्याशेजारी, तो कितीतरी वेळ उभा राहिला. जाळीवरून त्यानं नख फिरवलं, नखावरची पांढरी भुकटी बघितली, आणि तसाच जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी सुलेखा कामाला निघायच्या आत तो पुन्हा दारात होता. रात्रभर झोपला नसावा.

"मादी उन्हानं गेली नाय," तो म्हणाला. "माझ्यामुळं गेली. शेवटची दोन फूट जाळी कमी पडली होती. धुतलेली संपली. ऐन वेळी नवी आणली आणि तशीच लावली. खोकं तिथंच, ती तिथंच लटकून काथ्या ओढायची."

"मी तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं?"

"लई वेळा."

"मग?"

"तुम्ही साडेपाचला येणार होत्या. दिलेल्या दिवशी काम झालं, हे दाखवायचं होतं मला... तेवढ्यासाठी."

खोलीत तिची आई, भामाबाई, पोळ्या लाटायच्या थांबल्या होत्या. सुलेखा हळू आवाजात म्हणाली, "सांगितलं नसतं तर मला कधी कळलं नसतं."

"माझं मला कळलं होतं ना."

त्यानं गच्चीवर जाऊन आधी तो तुकडा काढला, धुतलेला दुसरा लावला. तो खाली येईपर्यंत ती वाट बघत थांबली आणि मग म्हणाली, "आता तुम्ही येऊ नका." तो मान हलवून गेला.

चार पिल्लं आणि एकटा बाप. सुलेखा त्या दिवशी कामावरून थेट पुंजाराम काकांकडं गेली. एवढं मोठं झालेलं पिल्लू बंगाली क्वचितच पत्करते, पण काही घडलंच तर हाताशी असावी, असं काका म्हणाले. हसले मात्र नाहीत. ज्या पाखराला घरात पाऊल ठेवू देणार नाही म्हणून ती सांगत फिरली होती, ती बंगालीची जोडी तिनं पिशवीत झाकून घरी आणली आणि जिन्याखाली ठेवली. त्या दिवशी तिचा सगळा ताठा त्या पिशवीत होता.

पण नर हटला नाही. घशाखाली दाणा भरून घेत होता आणि खोक्यात जात होता. त्याला ताजं अन्न मिळायला हवं होतं, दर दोन-अडीच तासांनी. एप्रिलच्या उन्हात उकडून किसलेलं अंडं तासाभरात आंबतं. सकाळ-संध्याकाळ ती होती. दुपारचं बाबा बघतो म्हणाले.

चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की वाटीतलं अंडं भुग्यासारखं बारीक किसलेलं आहे. बाबांच्या थरथरत्या हातांना ते जमणारं नव्हतं. आईला तर गुडघ्यांमुळं जिनाच चढवत नव्हता. तिनं विचारलं तेव्हा भामाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "पोरगा येतो दुपारी. तू येऊ नको म्हणलीस, तर तू नसताना येतो. मी नको कशाला म्हणू?"

चितेगावहून भावसिंगपुरा, भर एक वाजता, मोटरसायकलवर. वीस मिनिटं पिंजऱ्यापाशी, आणि परत.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सुलेखा कागदावरच्या बिया मोजत होती. शंभरातल्या एक्क्याण्णव उगवल्या, नऊ कुजल्या. त्या नऊ तिनं चिमट्यानं एकेक उचलून मोजल्या आणि लिहिल्या. जे उगवलं नाही ते लपवायचं नाही, या कामाची सगळी इज्जत तेवढ्यात असते, हे ती नव्या मुलींना दरवर्षी शिकवायची. हातातला चिमटा तसाच थांबला. हे ज्याला कुणी शिकवलं नव्हतं, असा एक माणूस आपणहून तिच्या दारात येऊन उभा राहिला होता. आणि तिनं त्याला काय म्हटलं होतं?

त्या संध्याकाळी वाटीखाली तिनं चिठ्ठी ठेवली. *पाणी सावलीच्या बाजूला ठेवा. सु. साळवे.*

दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूला उत्तर होतं. *ठेवलं. तुमची किसणी बोथट आहे, नवी आणली. नर अकरा वेळा खोक्यात गेला. स. खरात.*

*कितीपासून किती वाजेपर्यंत ते लिहीत जा. नुसत्या अकराला अर्थ नाही.*

*एक दहा ते दीड. आज तेरा. एक पिल्लू तोंड बाहेर काढून मला बघत होतं.*

*ऊन फार आहे. डोक्याला रुमाल बांधून या. माठातलं पाणी प्यायल्याशिवाय जिना उतरू नका.*

*रुमाल बांधतो. पाणी पितो. आईंनी ताकही दिलं. तुम्ही दमता का फार? चिठ्ठीत अक्षर वाकडं आलंय.*

ही शेवटची चिठ्ठी तिनं वाचली, पुन्हा वाचली, घडी घालून ओळखपत्राच्या पाकिटात ठेवली. आणि साहेबांकडं अर्ध्या दिवसाची रजा मागितली.

एक वाजून दहा मिनिटांनी सम्यक रुमालानं मान पुसत गच्चीवर आला, तर ती पिंजऱ्यापाशी उभी. तो दारातच थबकला. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि डाव्या टोकाकडं दाखवलं.

खोक्याच्या दाराशी एक पिल्लू बसलं होतं. मळकट हिरवं, आखूड शेपटीचं, चोचीच्या कोपऱ्यांत अजून ते निळे मणी. बाप समोरच्या काठीवर बसून बारीक आवाजात बोलावत होता. पिल्लू पुढं झुकलं, मागं झालं, पुन्हा झुकलं... आणि सुटलं. निम्म्या वाटेत जरा खाली आलं, सावरलं, आणि पलीकडच्या टोकाची काठी पकडून धापा टाकत बसलं. मागोमाग दुसरं. तिसरं तळाशी उतरलं आणि तिथून वर चढलं. चौथं मात्र दारातच अडून राहिलं.

वाळ्याच्या छपरातून पाणी ठिबकत होतं.

"एकट्यानं केलं त्यानं," सम्यक अखेर म्हणाला.

"एकट्यानं नाय. दुपारी त्याला माणूस होता."

तो खाली बघत म्हणाला, "चुकी माझी होती, सुलेखा."

"होती. मादीचं मी विसरणार नाय, तुम्हीही विसरू नका." नजर तिनं हलवली नाही. "मी कायम म्हणायची, मला खरं बोलणारा माणूस पाहिजे. तसा भेटला, तर त्याला दारातून परत पाठवलं. ती चुकी माझी. आता मला एक विचारायचंय... लग्न कराल माझ्याशी?"

सम्यकच्या हातात अंड्याची वाटी होती. ती त्यानं फार जपून कठड्यावर ठेवली.

"मी विचारणार होतो," तो म्हणाला. "महिना झाला शब्द जुळवतोय. रस्त्यानं गाडीवर रोज बोलून बघतो... आणि मादी गेल्यावर तर तोंडच राहिलं नाय मला."

"आता शब्द जुळवायचं काम राहिलं नाय. उत्तर तेवढं द्या."

"व्हय," सम्यक म्हणाला. मग स्वतःलाच नीट ऐकू यावं तसं पुन्हा एकदा, "व्हय."

सुलेखानं तोंड पिंजऱ्याकडं फिरवलं, कारण डोळे भरले होते आणि ते तिला इतक्यात दाखवायचे नव्हते. त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. खरखरीत, चटक्यांच्या खुणांचा हात.

"तो चौथ्याला भरवतोय... बघ," ती म्हणाली.

'बघा'चं 'बघ' झालेलं दोघांनाही कळलं. कुणी दुरुस्त केलं नाही.

खाली आल्यावर तिनं आडपडदा ठेवला नाही. आईबाबांसमोर उभी राहून म्हणाली, की चारही पिल्लं जगली, बापानं वाढवली, जिन्याखालची बंगालीची जोडी उद्या काकांना परत द्यायची आहे, आणि मी यांना लग्नाचं विचारलं, हे हो म्हणाले.

भामाबाईंनी पदर तोंडाला लावला. कडुबांनी अधू नजरेनं एकदा लेकीकडं, एकदा त्या पोराकडं बघितलं.

"कुणी विचारलं म्हणलीस?"

"मी, बाबा."

म्हातारा खुर्चीत चार बोटं उंच झाला.

मग आठवडाभर कडुबांना दुसरं काम नव्हतं. विहारात, पिठाच्या गिरणीवर, दाढीच्या दुकानात, जो भेटेल त्याला ते सांगत सुटले. कुणी सहज म्हणालं, की मुलाकडून मागणी आली वाटतं, तर ते काठी टेकून थांबायचे आणि त्याला सावकाश समजावून सांगायचे.

पुढच्या रविवारी सम्यकची आई मनकर्णाबाई चितेगावहून आल्या. ठेवणीतलं लुगडं, हातात पेढ्यांचा पुडा, सोबत दोन वडीलधारी माणसं. जयभीम झाला, पाणी झालं. मग त्या रीतीप्रमाणं घसा साफ करून म्हणाल्या, "कडुबा भाऊ, तुमच्या सुलेखाला आमच्या सम्यकसाठी मागणी घालायला आलोय."

कडुबांनी हात वर करून त्यांना मध्येच थांबवलं.

"मागणी आमच्या पोरीनं घातली, बाई. ते झालेलं आहे," ते म्हणाले. "तुम्ही आता फक्त चहा घ्या."